दोन ड्रायव्हरची गाडी

यशपालने सहलीचा बेत एक्सेलमध्ये आखला होता. बारा दिवस, तीन देश, पाच माणसं, आणि प्रत्येक रकान्यात गाडीची वेळ, फलाटाचा नंबर नि जेवणाची सोय. झेंडा धरून पुढे पळणाऱ्या टूरवाल्याच्या मागे आईवडिलांना फिरवायचं नाही, आपण स्वतः फिरवायचं, हे त्याने जर्मनीत इंगोलश्टाटला नोकरी लागली तेव्हाच ठरवलं होतं. बेत चांगलाच होता. फक्त प्रागच्या घराची किल्ली खिशात घालून घरमालक गावाला निघून जाईल, व्हिएन्नात पप्पा चहा शोधत भलत्याच ट्राममध्ये चढतील आणि साल्झबुर्गच्या किल्ल्यावरून त्याच्या लेकीचा, मैत्रीचा, एक बूट खाली दरीत पडेल, यासाठी त्यात रकाने नव्हते.

त्याच्या आईला, मीराबाईंना, मात्र सगळं आवडलं. किल्ली नव्हती त्या संध्याकाळी प्रागच्या जिन्यात बसून त्यांनी सगळ्यांना दशम्या वाढल्या होत्या, तर शेजारची एक म्हातारी बाहेर येऊन वाडगाभर सूप देऊन गेली. असलं सुख टूरवाल्याकडे मिळतं होय?

एक गोष्ट तेवढी त्यांना रोज टोचत होती. त्यांचे यजमान लहूराव म्हणजे मेहकर डेपोचे कंडक्टर. चौतीस वर्षं नोकरी झाली, रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण सवय काही गेली नव्हती. कुठूनही निघायचं म्हटलं की ते दाराशी उभे राहून मोजायचे.

"पाच बॅगा, एक छत्री, चार माणसं. बरोबर."

"पप्पा, पाच माणसं," यशपाल म्हणायचा. "आई राहिली."

"तुझी आई आहेच," असं म्हणून लहूराव चालायला लागायचे.

मुलगा नि सून हसायचे. मीराबाईही हसायच्या, पण त्यांच्या डोक्यात तेव्हा लोणार असायचं.

लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. लहूरावांची ड्यूटी मेहकर-लोणार होती आणि लोणारला गाडी दीड तास थांबायची. तेवढ्यात तुला तळं दाखवतो, असं म्हणून त्यांनी नव्या बायकोला आपल्याच गाडीत बसवून नेलं. लोणारच्या स्टँडवर मीराबाई नळावर पाणी प्यायला उतरल्या. नेमका त्या दिवशी ड्यूटीत बदल झाला, गाडी लगेच पुढे न्यायची ठरली, आणि लहूरावांनी डबल बेल दिली. गाडी गेली. मीराबाई ओल्या हातांनी बघत राहिल्या. तीन तास त्या स्टँडच्या बाकावर बसल्या होत्या, आणि तळं तिथून चालत जाण्याइतकं जवळ होतं. परतीच्या फेरीत लहूराव आले आणि म्हणाले, "टाइम झाला होता."

बस, एवढंच. त्याला पस्तीस वर्षं झाली. तळं राहिलं ते राहिलंच. तळ्याचं मीराबाईंना तितकं काही नव्हतं. आपला माणूस गाडी सोडतो आणि आपण गाडीत नाही हे त्याच्या ध्यानात येत नाही, हे त्यांना काही केल्या पचलं नव्हतं. एकदा तरी त्याने आपल्याला मोजावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती बोलून दाखवण्यासारखीही नव्हती. पंचावन्न वर्षांच्या बाईने असलं मागितलं तर लोक हसतील.

सहलीच्या शेवटच्या दिवशी म्युनिकहून लेंग्रीसला जायचं होतं. तिथून रोपवेने डोंगरावर. यशपालने बायर्न-तिकीट काढलं होतं, म्हणजे एकाच तिकिटावर पाच जण दिवसभर हिंडायचं. तिकिटावर त्याने सगळ्यांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिली आणि ते शर्टाच्या खिशात ठेवलं. मीराबाईंचं नाव शेवटी होतं. आता कुणाचं तरी शेवटी असणारच, पण त्यांनी ते पाहिलं.

म्युनिकच्या स्टेशनात लहूरावांना चहा हवा झाला. चहा आला तो गरम पाण्याचा पेला आणि दोऱ्याला बांधलेली पुडी. तो पिण्याजोगा होईपर्यंत गाडीची वेळ झाली. मग जी काय पळापळ झाली. यशपाल बॅगा घेऊन पुढे, लहूराव मैत्रीचा हात धरून त्याच्या मागे, आणि मीराबाई दुखऱ्या गुडघ्याने सगळ्यांच्या मागे.

"आई, तिथेच चढा," पुढच्या डब्याच्या दारातून सून उत्कर्षा ओरडली. "उतरल्यावर भेटू."

मीराबाई शेवटच्या डब्यात चढल्या. त्यांना खिडकी मिळाली. खांद्याला जेवणाची पिशवी होती आणि पिशवीत फोन होता, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. बाहेर हिरवी कुरणं, लाकडी घरं, घराघरांच्या खिडक्यांत लाल फुलं. गाईंच्या गळ्यात घंटा होत्या. आपला माणूस शेजारी असता तर गाई दाखवल्या असत्या, असं त्यांच्या मनात आलं. ते त्यांनी झटकून टाकलं.

शाफ्टलाख नावाच्या लहानशा स्टेशनात गाडी जरा जास्तच थांबली. कर्ण्यातून जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं गेलं. मीराबाईंना त्यातलं "बिट्टे", म्हणजे कृपया, तेवढं कळलं. आणि मग, त्या बघत असताना, वळणावरून गाडीचा पुढचा भाग निघाला. त्यांचा डबा मात्र जागेवरच होता. अर्धी गाडी चालली होती आणि अर्धी उभी होती.

 तोच स्टँड, तोच नळ. आपल्याला पुन्हा सोडून गेला हा माणूस, आणि या खेपेला देशही आपला नाही, भाषाही नाही. डोळे भरून आले. मग मागून धापा टाकण्याचा आवाज आला.

"सरक जरा," लहूराव म्हणाले.

त्यांची टोपी कुठे तरी पडली होती. एका हातात मैत्रीचं अर्धं खाल्लेलं ब्रेत्सल, म्हणजे पिळाचा खारा पाव, होतं. ते धपकन शेजारी बसले आणि त्यांच्या डब्यानेही हालचाल केली, पण भलत्याच रुळावर.

"तुम्ही इकडे कसे?" मीराबाईंच्या तोंडून एवढंच निघालं.

"खिडकीतून बघत होतो. एक ड्रायव्हर चालत आला आणि गाडीच्या मधल्या केबिनमध्ये चढला." श्वास घ्यायला ते थांबले. "एका गाडीला दोन ड्रायव्हर कशाला लागतात? म्हटलं, गाडी तोडणार. आपल्या शिटा मोजल्या तर चार माणसं. रोज चारच भरतात म्हणून आधी काही वाटलं नाही. मग म्हटलं, अरे, ती मागे आहे. यशपालला सांगितलं, मी आईकडे चाललो, आणि उतरलो."

"आणि तिकीट?"

लहूरावांनी सवयीने छातीवर हात नेला. तिथे काही नव्हतं. तिकीट यशपालच्या खिशात बसून लेंग्रीसला चाललं होतं.

आता लहूरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चौतीस वर्षांत या माणसाने सख्ख्या मेहुण्याला बिनतिकिटाचा म्हणून खाली उतरवलं होतं. मीराबाई म्हणाल्या, गप बसा, कुणी विचारलं तर सांगू. पण गप बसतील ते लहूराव कसले. ते उठले आणि तपासनीस कोण आहे ते स्वतःच शोधत निघाले. बिनतिकीट माणूस तपासनिसाच्या मागे लागलाय, असं दृश्य त्या गाडीने याआधी पाहिलं नसावं.

तपासनीस म्हणजे पन्नाशीची एक दणकट बाई होती. लहूरावांनी तिच्यापुढे पाकीट उघडलं आणि आतून आपला जुना पितळी बिल्ला काढून तळहातावर ठेवला.

"कंडक्टर," ते म्हणाले. "इंडिया. थर्टी फोर इयर्स. टुडे, नो तिकीट."

बाईने बिल्ला उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. पलीकडे यशपाल रडकुंडीला आला होता. "आई, पप्पा चालू गाडीतून उतरले का गं?" मीराबाईंनी फोन सरळ बाईच्या हातात दिला. बाई बराच वेळ जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो, हो, करत राहिली, मग "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाली, मग हसायला लागली. यशपालने तिकिटाचा फोटो पाठवला. तिने एकेका नावावर बोट ठेवत दोघांकडे पाहिलं, बिल्ला परत केला आणि टोपीला दोन बोटं लावून लहूरावांना सलाम ठोकला. लहूरावांनी ताठ उभं राहून तो घेतला. मीराबाईंनी तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

शेवटचं स्टेशन टेगर्नझे. यशपालचा निरोप होता, हलू नका, आम्ही परत फिरून येतो, सव्वा तास लागेल. स्टेशनातून उतार खाली जात होता आणि उताराच्या टोकाशी काहीतरी चमकत होतं.

"तळं आहे वाटतं," मीराबाई म्हणाल्या.

लहूराव स्टेशनकडे बघून घुटमळले. नियम म्हणजे नियम, हलू नका म्हटलंय. मग त्यांनी बायकोच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि उतार उतरायला लागले.

तळं चांगलं विस्तीर्ण होतं, भोवती डोंगर, मधून एक पांढरी बोट चाललेली. दोघं बाकावर शेजारी शेजारी बसली. असं बसायला त्यांना आयुष्यात सवडच झाली नव्हती. बसमध्ये ती सीटवर आणि हे दारात उभे, घरी ती चुलीपाशी आणि हे झोपलेले. मीराबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. एक बदक येऊन समोर उभं राहिलं. लहूरावांनी त्याला मैत्रीचं ब्रेत्सल कुस्करून घातलं.

"त्या दिवशी लोणारला," ते बदकाकडे बघत म्हणाले, "मी शिटा मोजल्या होत्या. वेबिलात जेवढी तिकिटं लिहिली होती तेवढ्या भरल्या. तुझं तिकीट नव्हतं काढलेलं. म्हणून तू मोजणीत आलीच नाहीस."

मीराबाईंनी दशमीचा तुकडा मोडला.

"नंतरही नाही आलीस," लहूराव म्हणाले. "घरचं माणूस म्हणजे असणारच, असं धरून चालायची सवय लागली. आज गाडी सुटताना कळलं, नसूही शकतं. लई भ्यालो मी, मीरा."

पस्तीस वर्षं पोटात धरून ठेवलेला राग मीराबाईंनी शोधून पाहिला. आता तो बाहेर काढून सुनावायला इतकी चांगली संधी होती, आणि नेमका तो सापडेना.

"चटणी तिखट झालीय का?" त्यांनी विचारलं.

"झालीय," लहूराव म्हणाले. "चांगली झालीय."

सव्वा तासाने उतारावरून आधी मैत्री धावत आली, "वो वार्ट इअर?" म्हणजे कुठे होता तुम्ही, असं जर्मनमध्ये विचारत आणि आजीच्या कमरेला मिठी मारत. मागून उत्कर्षा हसत येत होती. यशपालचं तोंड मात्र उतरलं होतं.

"आई, रोपवे गेला आपला. आता निघालो नाही तर म्युनिकची पुढची गाडीही चुकेल. पप्पा, चला लवकर, सात मिनिटं आहेत."

लहूराव बाकावरून हलले नाहीत.

"जाऊ दे ती गाडी," ते म्हणाले. "तासाने दुसरी आहे. तुझ्या आईला ती पांढरी बोट बघायचीय."

यशपाल वडिलांकडे बघतच राहिला. या माणसाने जन्मात कधी एक मिनिट गाडी थांबवली नव्हती. उत्कर्षाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला, एक्सेल बंद केलं आणि दशमीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. मग सगळेच बोटीत बसले. मीराबाईंना पुढची जागा मिळाली आणि शेजारची लहूरावांनी धरली. तळ्यावर त्यांनी बायकोला जे जे दिसलं ते ते दाखवलं, तिला दिसत होतं तेसुद्धा.

संध्याकाळी गाडीत चढताना लहूराव नेहमीसारखे दारात उभे राहिले. बॅगा मोजल्या, छत्री मोजली. यशपालने "पाच, पप्पा" म्हणायला तोंड उघडलं होतं. लहूरावांनी त्याला हातानेच थांबवलं आणि आत जाऊन खिडकीशी बसलेल्या मीराबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"एक," ते म्हणाले.

मग मुलगा, सून, नात, आणि शेवटी स्वतःच्या छातीवर बोट. पाच भरले. लहूराव बायकोच्या शेजारी बसले आणि बोटातल्या अंगठीने त्यांनी समोरच्या दांडीवर दोनदा टकटक केलं.