घोडा लंगडला होता

माझ्या लेकीकडे अठरा घोडे आहेत आणि त्यातल्या एकावरही बसायची कुणाची टाप नाही. आंबिवलीच्या पुढं, नदीच्या अंगाला तिनं जमीन भाड्यानं घेतलीय. बँकेतली चांगली नोकरी सोडली आणि म्हातारे, आंधळे, मालकांनी टाकून दिलेले घोडे गोळा करत सुटली. लोकांच्या पोरी माहेरी आल्या की साड्या दाखवतात, आमची दीप्ती मोबाईलवर खुरांचे फोटो दाखवते. तेही आम्ही जेवायला बसलेलो असताना.

तिच्या गेटवर मोठी पाटी आहे: ‘घोड्यावर बसण्यास सक्त मनाई’. ती आमच्या यांनी रंगवली. हे म्हणजे माझे मालक, देवराम. वर्तकनगरला राहून आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, हात अजून थरथरत नाही. ‘सक्त’च्या खाली दोन रेघा मारल्यात, त्याही यांच्याच मनानं.

रविवारी तिथं कंपन्यांमधली माणसं येतात. घोड्यांना गाजरं भरवतात, त्यांच्या गळ्यात पडून रडतात, आणि निघताना विचारतात, “मॅम, राइड नाही का?” घोड्यांची नावंही त्यांनीच ठेवलेली. एका आंधळ्या तट्टाचं नाव ऑस्कर. मी त्याला बाळू म्हणते, आणि तो बाळूलाच कान हलवतो.

आता आमच्या घरातलं एक सांगते. माझं माहेर घाटावरचं. आम्ही बौद्ध झालेलो, पण गावाच्या तोंडी अजून जुनीच जात होती. माझ्या लग्नात नवरदेव घोड्यावरून येणार, असा सांगावा आला. आमच्या वस्तीत तोवर असं कधी झालेलं नव्हतं. पोरीबाळी बघायला झाडावर चढून बसल्या. आणि हे आले ते चालत, पांढऱ्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत धूळ. कुणीतरी विचारलं, “घोडा कुठंय?” हे म्हणाले, “वाटेत लंगडला.” झालं, तेच घरात रूढ झालं. पोरांनाही तेच सांगितलं. मी चेष्टेनं यांना लंगड्या घोड्याचे नवरदेव म्हणायची आणि हे हसायचे.

घोडा लंगडला नव्हता. माझा भाऊ यांना आणायला गेलेला, वरातीतच होता, त्यानं मला त्याच दिवशी खरं सांगितलं. मारुतीच्या देवळापुढं गावातली माणसं काठ्या घेऊन उभी होती. “खाली उतर,” म्हणाली. हे उतरले. घोडा चांगला धडधाकट होता, दुडक्या चालीनं मालकाबरोबर परत गेला. मला हे ठाऊक आहे, याचा यांना मी कधी पत्ता लागू दिला नाही. माणसानं एवढी एक लाज झाकून ठेवलीय, ती आपण कशाला उघडी करायची? त्या माणसांना मात्र मी भांडी घासताना अजून शिव्या घालते.

यंदा आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. थोरल्या पोरानं, रत्नदीपनं, घराजवळचाच हॉल घेतला आणि विचारलं, “आप्पा, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा.” मला वाटलं, जिलबी मागतील, डॉक्टरनं बंद केलीय ना. हे दीप्तीकडे बघून म्हणाले, “घोड्यावर बसून हॉलपर्यंत जायचंय. तुझी ती पांढरी स्टेला आहे ना, तिच्यावर. हळूच जाईन.”

“आप्पा! पाटी तुम्हीच रंगवलीत ना?” दीप्ती म्हणाली. “स्टेला वरातीतूनच सोडवून आणलेली आहे. तिच्या पाठीवरचे वण बघितलेत तुम्ही. आणि आज बापाला बसवलं, तर उद्या नगरसेवकाच्या जावयाला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?”

“बरोबर आहे तुझं,” हे म्हणाले आणि ताटातली भेंडी चिवडत बसले.

मला असा राग आला! अगं भवाने, ज्याला जगानं घोड्यावर बसू दिलं नाही, त्याच्या पोटी अठरा घोड्यांची मालकीण जन्मली, आणि पुन्हा मनाईच! तीही त्यानं स्वतः रंगवलेली! पण बोलणार कशी? तोंड उघडलं असतं तर यांचं खोटं उघडं पडलं असतं. आणि पोरगी बोलत होती ते चुकीचं नव्हतं, हेच तर माझं दुखणं. मला एवढंच पाहिजे होतं की हा माणूस एकदा, डोळे मिटायच्या आधी, घोड्यावर बसून माझ्या दारात यावा.

दीप्ती आंघोळीला गेली तसा मी तिचा मोबाईल उचलला. ‘बंटी नालायक’ या नावानं नंबर होता. हा बंटी शीळफाट्याला वरातीचे घोडे भाड्यानं देतो. वर्षभर दीप्ती त्याच्याशी भांडते, आणि सीझन संपला की तोच आपली थकलेली जनावरं तिच्या गेटला बांधून पसार होतो. प्राणीदया बरं का! स्टेलाही मूळची त्याचीच.

“पांढरी घोडी पाहिजे,” मी त्याला सांगितलं. “धडधाकट. लंगडी आणलीस तर याद राख.”

“मावशी, टेन्शन नको. एकदम मख्खन चाल आहे.”

दीप्तीला आम्ही वेळ तासभर उशिराची सांगितली. रत्नदीप म्हणाला, “आई, राडा होणार.” म्हटलं, होऊ दे. लग्नकार्यात राडा नसेल तर चार लोकांना कळत पण नाही.

बंटी घोडी घेऊन आला, मोत्यांच्या झालरी, डोक्यावर तुरा. यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. निळा फेटा सारखा केला, आणि रत्नदीपनं स्टूल लावून यांना वर बसवलं. काय सांगू तुम्हाला! ज्या माणसाला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, तो वर ताठ बसलेला. बेंजो सुरू झाला, बायका गॅलरीत आल्या, आणि मी रस्त्याच्या कडेनं डोळे पुसत चालले. पन्नास वर्षं उशिरा का होईना, माझा नवरदेव आला होता.

हॉलचं तोरण दिसायला लागलं, तोच समोर रिक्षा थांबली. दीप्ती. तिला माझ्यावर विश्वास नाही, लवकरच आली. उतरली ती थेट घोडीच्या पायाशी बसली, बापाकडे बघितलंसुद्धा नाही. हात वर करून तिनं बेंजो थांबवला आणि झालर बाजूला केली.

“खूर फुटलाय हिचा. पाय टेकवत नाहीये.” मग वर बघितलं. “आप्पा, खाली उतरा.”

तेच शब्द, आणि या खेपेला पोटच्या पोरीच्या तोंडून! मी ओरडले, “दीप्ते, गप बस! हॉल हा समोर दिसतोय, जाऊ दे त्यांना!”

“आई, टाकेल त्या पावलाला कळ येतेय गं तिला,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

हे वाकले, घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि तिच्या त्या उचललेल्या पायाकडे बघत राहिले. कुणाच्या हातात काठी नव्हती. बसून राहिले असते तर कुणी काही करू शकलं नसतं.

“स्टूल आण रे, रत्नदीप,” हे म्हणाले आणि आपणहून उतरले.

बंटी तेवढ्यात पुढं झाला. “मॅडम, मग घेऊनच जा हिला. सीझन तसाही संपला.” दीप्तीनं त्याला जे ऐकवलं ते मी इथं सांगत नाही, हॉलमध्ये भन्तेजी बसले होते. पण घोडी तिनं ठेवून घेतली. आता एकोणीस झाले.

तिनं लगाम धरला, तसा यांनी तो तिच्या हातातून घेतला. हे पुढं, घोडी मागून, लंगडत. असे हॉलकडे निघाले, पायजम्याला धूळ. मला रडू फुटत होतं, ते दिसू नये म्हणून मी आमची जुनीच चेष्टा केली. “काय हो नवरदेव, पुन्हा लंगडाच घोडा मिळाला का तुम्हाला?”

हे थांबले. घोडीची मान थोपटली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “या वेळी खरंच लंगडली गं, केशर.”

“माहीत आहे मला,” मी म्हटलं. “पहिल्या दिवसापासून माहीत आहे. चला, लोक खोळंबलेत.”