मसुरीची कॉफी

आई मसूर करपेपर्यंत भाजायला लागली की मला बोस्नियातल्या झेनित्सा गावातली आमची जुनी इमारत आठवते. सगळे शेजारी, त्यांच्या भांडणांसकट.

युद्धाचा दुसरा हिवाळा होता. मदत संस्थेचा माणूस पाहणीला येणार होता. घरात खायला काही नाही, हे त्याला दिसलं की माझ्या सहा महिन्यांच्या भावाला, वेदादला, दुधाची पावडर मिळणार होती. घरात काही नव्हतंच, त्यामुळे तयारी करायची गरज नव्हती. आईने तरी केली.

"पाहुणा येणार आणि टेबल रिकामं?" म्हणत ती इमारतभर फिरली. वरच्या मजल्यावरच्या हातिजा नेनाने, म्हणजे हातिजा आजीने, आलुबुखाराचा शेवटचा मुरंबा दिला. शेजारच्या झ्लात्को मास्तरांनी सार्डिनचा डबा दिला. तो त्यांनी इतका जपला होता की त्याचं बारसं करायचंच काय ते बाकी होतं.

"रासिमा, तो भूक बघायला येतोय," मास्तर म्हणाले.

"बघू दे की. पण खाऊन बघू दे."

टॉर्किल नावाचा उंच डॅनिश तरुण आला. त्याने दारात बूट काढले, तर मोज्यातून अंगठा बाहेर. आईला त्याचीच कीव आली. "खा रे बाळा, किती वाळलायस!" तो नको नको म्हणाला. आमच्याकडे नको म्हणजे अजून वाढा. त्याने सगळं संपवलं आणि वहीत लिहिलं: 'अन्न पुरेसं.'

नेना कडाडली, "माझा मुरंबा गेला तो गेला, वर पोराचं दूधही घालवलंस!"

मास्तरांनी अर्ज केला, दुसरी पाहणी ठरली. या खेपेस आईने पाणीसुद्धा विचारायचं नाही, असं ठरलं. नेना खुर्ची टाकून स्वयंपाकघराच्या दारातच बसली.

टॉर्किल आला, बसला. वेदाद भुकेने रडत होता. आई सात मिनिटं टिकली.

"अहो, निदान कॉफी तरी!" असं म्हणत तिने नेनाला खुर्चीसकट बाजूला सारलं.

कॉफी अर्थातच मसुरीची. त्या वर्षी गावात दुसरी कॉफी नव्हती. टॉर्किलने घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला. शेवटी गिळला. "छान आहे," तो म्हणाला. मग वही काढून त्याने 'तातडीने' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आठवड्याभरात दूध आलं. वेदाद आता दारातून वाकून येतो.

नेना गेली, मास्तरही गेले. कपाटात चांगली कॉफी असते, तरी थंडी पडली की आई मसूर भाजते.

"हे तुम्ही खरंच प्यायचात?" वेदाद तोंड वाकडं करून विचारतो.

"तुझ्यासाठीच, गाढवा," आई म्हणते. "गप पी."

चव अजून तितकीच भयानक आहे. मी दुसरा कप मागते. आई तो आणायला आत जाते आणि दारापाशी येताच जरा बाजूने वळते, तिथे अजून कुणीतरी खुर्ची टाकून बसलं असावं तशी.