वेंडेलच्या शेगडीपुढची गर्दी

मी एक जुनी शेगडी आहे. त्या शनिवारी वेंडेल पर्विसचा काय फायदा होणार होता, ते आधी सांगते: दहा-बारा माणसं. एवढंच.

मित्रांनो, वेंडेलच्या सासऱ्याने तेलाचं पिंप उभं चिरून मला बनवलं. अलाबामातल्या आमच्या कॉलेजचा घरच्या मैदानावर फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या अमेरिकन खेळाचा, सामना असला, की सकाळीच मला मैदानाबाहेरच्या हिरवळीवर मांडत. माझ्यावर डुकराच्या बरगड्या मंद धुरात भाजत आणि माणसं ताटल्या घेऊन ताटकळत. "सासऱ्याने तुला दोन गोष्टी दिल्या वेंडेल, त्यातली ही जास्त गोड," असं म्हणत. बावीस वर्षं मी हे कौतुक ऐकलं. मग शेजारच्या कार्लने चकचकीत गॅसची शेगडी आणली आणि माणसं तिकडे सरकली.

त्या शुक्रवारी गावात औषधाचं दुकान लुटलं गेलं. चोर पळाले ती गाडी टेव्हियन बॉयकिनची, असं वेंडेलने पेट्रोल पंपावर ऐकलं. टेव्हियन म्हणजे आमच्या कॉलेजच्या संघातला, चेंडू काखेत मारून धावणारा पोरगा. शनिवारी माझ्यापुढे वेंडेलने ही बातमी एकदम सांगितली नाही. एकेका बरगडीबरोबर थोडी थोडी वाढली. बघता बघता कार्लसुद्धा ताटली घेऊन आला.

"गाडी त्याचीच ना?"

"त्याचीच."

"मग चालवणारा कोण, ते काय विचारायचं."

"करायचंच होतं तर हंगाम संपल्यावर करायचं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

खरं सांगते, मीही फुगले होते. कितीतरी महिन्यांनी माझ्याभोवती उभं राहायला जागा नव्हती. म्हणून मागे येऊन थांबलेली बाई मलाही उशिरा दिसली. टेव्हियनची आई, अर्नेस्टीन. दर सामन्याला ती बटाट्याच्या कोशिंबिरीचं भांडं घेऊन आमच्याकडेच यायची आणि लेकाची वाट बघायची. तिने भांडं टेबलावर ठेवलं.

"वेंडेल, तू पाहिलंस?"

"मी नाही, मिस अर्नेस्टीन. लोक बोलताहेत."

"इथे तर तूच बोलत होतास."

वेंडेलने माझं झाकण उघडलं, उगाचच, आणि पुन्हा लावलं.

तेवढ्यात संघ आला. आमच्याकडे खेळाडू मैदानात चालत जातात, दोन्ही बाजूंना लोक उभे राहतात आणि जाणाऱ्याच्या हातावर हात मारतात. टेव्हियन हात पुढे करून आला. आमच्या बाजूचे हात खिशात गेले. कुणाला अचानक ताटली दोन्ही हातांनी धरावीशी वाटली. आईचा तेवढा एक हात पुढे होता. त्याने तो धरला, मग मान खाली घालून गेला.

मंगळवारी वर्तमानपत्रात आलं. गाडी गुरुवारीच चोरीला गेली होती, तक्रार टेव्हियननेच दिली होती, आणि पकडलेले दोघे परगावचे होते. वेंडेल मला खरवडत होता. "मी आपलं ऐकलेलं सांगितलं," तो पुटपुटला. अंगणात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. अर्नेस्टीनकडे जायला तो दोनदा गाडीत बसला आणि दोनदा उतरला.

पुढच्या सामन्याला सगळ्यांचे हात पुढे होते, वेंडेलचा सर्वांत पुढे. टेव्हियन मधोमध चालला, दोन्ही हात पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्यांवर ठेवून. हंगाम संपल्यावर तो दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात गेला.

आता मी पत्र्याच्या खोपटामागे पडून आहे. तळ गंजलाय. मित्रांनो, लोखंडाला वेळीच तेलाचा हात दिला तर ते टिकतं, तेवढं जमलं तर करा. पण माझ्यासारखीच्या भोवती गरम ताटली हातात घेऊन उभे असाल आणि कुणाचं नाव निघालं, तर घास गिळण्याआधी एवढं विचारा: पाहिलं कुणी?

वेंडेलला एका दुपारची गर्दी मिळाली. कार्लला त्याची माणसं परत मिळाली. संघाला दुसरा धावणारा मिळाला. किंमत टेव्हियनने मोजली, शेवटचं वर्ष अनोळखी गावात काढून. आणि त्याच्या आईने, जी आता लेकाचा खेळ बघायला तेरा तास बसने जाते.