डाळिंबी पडदा आणि दोन विजेऱ्या

त्या रफूच्या दुकानात वीस वर्षे एक नेम अखंड पाळला गेला होता : रंग नणंदेने निवडावा आणि सुई भावजयीने चालवावी. दोऱ्यांची लाकडी पेटी मूळची नणंदेच्या वडिलांची, म्हणजे भावजयीच्या सासऱ्यांची. ती सदैव नणंदेच्या काखेत असे. भावजयीने तिचे झाकण आपण होऊन कधी उघडले नव्हते. रंग आपल्यालाही कळतो, हे एकदा तरी सिद्ध व्हावे, एवढी एकच इच्छा तिने इतकी वर्षे मनाच्या तळाशी जपली होती.

एके दुपारी नाट्यगृहाचा डाळिंबी मखमली पडदा नेपथ्याच्या खिळ्याला अडकून वीतभर फाटला आणि दोघींना तातडीचे बोलावणे आले. पडदा खाली उतरवणे अशक्य होते. जिथे टांगला होता तिथेच तो सांधायचा होता. चार वाजता रंगीत तालीम. वीजतंत्री तारा बदलत असल्यामुळे तोवर रंगमंचावर अंधार. सांधा प्रेक्षागृहातून दिसला, तर नाट्यगृहाचे पुढचे सारे काम दुसरीकडे जाईल, हे व्यवस्थापकाने अत्यंत नम्रपणे, आणि म्हणूनच निःसंदिग्धपणे, सांगितले.

पिशवीत दोन विजेऱ्या होत्या. नणंदेची नवी, एलईडीची : हाताला हलकी, प्रकाशाने शुभ्र, आणि महिनोन्‌महिने सेल न मागणारी. दुसरी सासऱ्यांची, पत्र्याची, तारेच्या बल्बची. तिचा उजेड पिवळा, भूक मोठी, आणि हातातून पडली की बल्ब गेलाच म्हणून समजावे. नणंद तिला काजवा म्हणत असे आणि हे ओझे अजून कशाला वाहतेस, असे भावजयीला दर आठवड्याला विचारत असे.

नणंदेने नव्या विजेरीच्या झोतात पेटी उघडली आणि क्षणात एक रीळ काढून पडद्यावर धरले. धागा मखमलीत असा मिसळला, की दोहोंत भेद उरला नाही. शेजारचे रीळ मात्र त्या उजेडात मातकट दिसत होते. ते तिने बाजूला सारले.

भावजय सुई ओवणार, तोच तिचे लक्ष वीजतंत्र्याकडे गेले. दाराच्या उजेडात बसून तो रंगमंचावरच्या दिव्यांचे मोठमोठे बल्ब फडक्याने पुसत होता, आणि प्रत्येक काचेच्या पोटात तारेचे वेटोळे स्पष्ट दिसत होते. तिने सुई पुन्हा उशीत टोचली. काजवा काढून पेटवला. तो तांबूस मिणमिणला, कारण त्याचे सेल संपत आले होते. तेव्हा तिने शांतपणे नणंदेच्या हातातली नवी विजेरी घेतली, तिच्यातले सेल काढले आणि काजव्यात घातले.

त्या पिवळ्या, उबदार प्रकाशात निवडलेला धागा जांभळा पडला. मखमलीवर जणू वळ उमटला होता. बाजूला सारलेले रीळ मात्र धरताक्षणी नाहीसे झाले.

"वन्सं, हा दोरा नाही. तो दुसरा."

"वहिनी, आता रंग काय तुझ्या काजव्याला विचारून ठरवायचा?"

"मामंजी म्हणायचे, कापड ज्या उजेडात दिसणार, त्याच उजेडात दोरा निवडावा. इथले दिवे तारेचे आहेत. सांधा दिसला तर दोष माझा."

नणंदेने बाजूला सारलेले रीळ उचलून भावजयीच्या हाती दिले. वडिलांचा हा नियम तिनेच भावजयीला पहिल्या दिवशी शिकवला होता, आणि नव्या वस्तूच्या कौतुकात तीच तो विसरली होती. मग तिने स्वतःच सेल पुन्हा नव्या विजेरीत घातले, ती पडद्याजवळ धरली आणि शिवणाला हाच उजेड बरा, सुईचे टोक तरी दिसेल, असे पुटपुटली. ते खरेच होते. दोन तास तो शुभ्र झोत तसूभरही मंदावला नाही. भावजयीने मागून अस्तराची पट्टी लावली आणि टाक्याटाक्याला मखमलीची लव टोकाने उभी करत फाटलेली वीत मिटवली.

चार वाजता दिवे लागले. पडदा पेटल्यासारखा उजळला. व्यवस्थापक पहिल्या रांगेतून पाहून झाल्यावर चष्मा पुसून वर चढला आणि तळहाताने पडदा चाचपू लागला. ज्याच्या खिळ्याने हे सारे घडले, तो सुतार त्याच्या मदतीला धावला आणि मोठ्या आत्मविश्वासाने एका जागी बोट ठेवून म्हणाला, "ही बघा शिवण." ती चुणीची सावली होती. वीजतंत्री हसून लोळायचा तेवढा बाकी राहिला. अखेर व्यवस्थापकाने हात जोडले आणि पुढच्या नाटकाचे पोशाख केव्हा पाठवू, असे विचारले.

नणंद मात्र शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेली होती. तिथून तिने बराच वेळ पाहिले. परत आली ती थेट भावजयीपुढे, आणि पेटी तिच्या काखेत ठेवली.

"काजवा पेटीतच राहू दे. त्याला सेल नवे घे, माझे चोरू नकोस. जिन्याला, रस्त्याला, रोजच्या कामाला माझीच पुरे."

भावजयीने झाकण उघडले, रिळांच्या मधोमध जागा केली आणि जुनी विजेरी तिथे ठेवली. मग पेटी सावरून ती भर दिव्यांतून, पडद्यासमोरून, रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. बाहेर जायला जवळची वाट विंगेतून होती, पण नणंदेने तिला अडवले नाही.