एकशे अठरा, बसा

बायको जाऊन पाच महिने झाले तेव्हा मुलगी आठ दिवसांची रजा काढून आली. येताना तिने दोन गोष्टी आणल्या. एक नवं घड्याळ आणि एक अट. आठ दिवसांत मी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नीट चालून दाखवायचं, नाहीतर घराला कुलूप लावून तिच्याकडे कायमचं राहायला जायचं.

“मला उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही चालून आलात की बाल्कनीत बसून होतात, फोनवर मला काय कळणार?”

मी बाल्कनीतच बसून असायचो. पण घर सोडायचं नव्हतं. एकतीस वर्षं ज्या स्वयंपाकघरात मी बायकोच्या पायात पायात केलं, तिथे आता मला एकट्याला का होईना, चहा करायचा होता.

घड्याळाचं असं आहे. दोन वर्षांपूर्वी मला हृदयविकाराचा झटका येऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, पण चालताना नाडी एकशे वीसच्या वर जाऊ देऊ नका. म्हणून मी आणि बायको खेळाडू लोक वापरतात तसलं घड्याळ घ्यायला गेलो. दुकानदाराने दोन घड्याळं समोर ठेवली. एकाचा पडदा टीव्हीसारखा लख्ख, आकडे ठळक, पण दीड दिवसात बॅटरी संपणार. दुसऱ्याचा पडदा राखाडी. उन्हात बरा दिसायचा, सावलीत बटण दाबून दिवा लावावा लागायचा. पण एकदा चार्ज केलं की तीन आठवडे बघायला नको.

“मला या दुसऱ्यातलं काही दिसत नाही,” मी म्हणालो.

“मला दिसतंय ना,” ती म्हणाली, आणि दुकानदाराला सांगितलं, “हेच द्या. रोज सकाळी ढकलून चालू करायला घरात एक माणूस आहे, तेवढा पुरे.”

दुकानदार हसला. मीही हसलो, कारण खरंच होतं ते.

तेव्हापासून घड्याळ माझ्या मनगटावर आणि डोळे तिचे. मला जवळचं दिसत नाही, आणि वाचायचा चष्मा लावून चाललं तर रस्ता दिसत नाही. तिचं उलट होतं. चष्मा कपाळावर सारायची, माझं मनगट नाकाशी धरायची आणि आकडा सांगायची. चढावर लाँड्रीच्या पुढे एक बुटकी भिंत आहे. तिथे बहुतेक रोज माझा हात ओढला जायचा.

“एकशे अठरा. बसा.”

“मला काही होत नाहीये.”

“झाल्यावर सांगणार आहात का? बसा म्हणते ना.”

मी बसायचो. तीही बसायची. लाँड्रीवाला इस्त्री करता करता विचारायचा, “आज किती?” जसं काही क्रिकेटचा स्कोअर.

ती गेल्यावर मी एकदा एकटा गेलो. त्या भिंतीपाशी घड्याळ पाहिलं तर राखाडी डागाशिवाय काही नाही. बटण दाबलं, पण खिशातून चष्मा निघेपर्यंत दिवा विझला. असं तीनदा. घाबरून छाती धडधडायला लागली आणि मी परत फिरलो. नंतर गेलोच नाही.

आता हे नवं घड्याळ. पहिल्या दिवशी मुलीने पडदा सतत चालू राहील असं करून दिलं. आकडे इतके मोठे की लाँड्रीवाल्याने आतूनच वाचले. दुसऱ्या दिवशी निम्म्या चढावर पडदा काळा पडला. चार्जिंगला लावायचं मी विसरलो होतो.

“बाबा, रोज लावायचं असतं.”

“जुनं तीन आठवडे चालायचं.”

“पण तुम्हाला दिसायचं नाही!”

तिसऱ्या दिवशी तिने बॅटरी वाचवायला असं केलं की मनगट झटकलं तरच पडदा उजळेल. मी चढभर हात झटकत चाललो. समोरच्या फुटपाथवरचे एक गृहस्थ मी बोलावतोय समजून रस्ता ओलांडून आले. त्यांना काय सांगणार? तब्येत विचारली आणि पुढे गेलो. शेवटी तिने पडद्याचा उजेडच कमी केला. बॅटरी टिकली, पण मला दिसेना.

“म्हणजे तुझ्या आईचंच घड्याळ झालं हे,” मी म्हणालो. ती चिडून आंघोळीला गेली.

चौथ्या दिवशी दुपारी तिने जुनं घड्याळ लॅपटॉपला जोडलं. त्यात सगळ्या फेऱ्यांची नोंद साठलेली होती, ती डॉक्टरांना दाखवायची होती. मी शेंगा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, “बाबा, चढावर तुमची नाडी किती व्हायची?”

“एकशे अठरा. कधी सोळा.”

“कधीच नाही झाली. दीड वर्षात सगळ्यात जास्त एकशे सात आहे.”

मी आयुष्यभर दुकानादुकानांत फिरून वजनकाटे दुरुस्त केले. काटा खोटं बोलत नाही, बोलला तर वाचणारा बोलतो, हे मला कोणी सांगायला नको. तरी म्हणालो, घड्याळ बिघडलं असेल.

“खिडकीच्या पडद्यांवरून भांडण झालं होतं तुमचं आणि आईचं, आठवतंय? तुम्हीच फोनवर सांगितलं होतंत, रस्त्यातच नाडी एकशे तीस झाली म्हणून.”

“तिनेच वाचून दाखवली. म्हणाली, बघा, गप्प बसा आता.”

“शंभर होती.”

मला हसू आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मी गप्प बसलो होतो, आणि ती नंतर दुकानात जाऊन स्वतःच्या पसंतीचे हिरवे पडदे घेऊन आली होती. समोरच लटकत होते ते. मुलगीही हसली, आणि हसता हसता पुढची पानं बघू लागली. मग थांबली.

“हे बघा. सुरुवातीला तुम्ही एकदाच थांबत होता. वर्षाने दोनदा. शेवटच्या दोन महिन्यांत तीनदा, आणि एकेकदा दहा दहा मिनिटं. आणि प्रत्येक वेळी तुमची नाडी पंच्याण्णवच्या आत आहे.” तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “तुम्हाला थांबायची गरजच नव्हती बाबा.”

मी चष्मा लावून पाहिलं. गरज नव्हती. दम बायकोला लागत होता.

ती गेली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, हृदयाचं दुखणं जुनं दिसतंय, चालताना थांबावं लागायचं का? मी ठामपणे सांगितलं, छे हो, रोज माझ्याबरोबर टेकडी चढायची, उलट मलाच बसवायची. तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. माझ्या आजारपणात स्वतःचं कशाला, असं वाटलं असेल. मनगट माझं धरायची, आकडा माझा म्हणून सांगायची, आणि शेजारी बसून श्वास घ्यायची. आणि मी तेव्हा काय करायचो? उठायची घाई.

शेंगा तशाच राहिल्या. मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवं घड्याळ घातलं. पडदा सतत चालू, उजेड पूर्ण, बॅटरी भरलेली. ती मीच भरली होती. लाँड्रीवाल्याने हात केला, मी भिंतीपाशी न थांबता पुढे गेलो. टाकीपाशी पोचल्यावर स्वतः वाचलं, एकशे चार. मागे वळून पाहिलं तर मुलगी अजून वळणावरच होती. कमरेवर हात ठेवून थांबत थांबत येत होती.

“काय झालं?”

“काही नाही. बूट चावतोय.”

“बूट चावला की माणूस तोंडाने श्वास घेत नाही. कधीपासून लागतो दम?”

“ऑफिसात बसून बसून होतं असं. सगळ्यांना होतं.”

“पायऱ्या चढताना?”

ती टाकीच्या कठड्यावर बसली आणि बुटाचे बंद सोडू लागली. मी तिला सांगितलं, “तुझी अट मी पाळली. हे लख्ख घड्याळ घालीन, रोज चार्जिंगला लावीन, आकडा रोज कळवीन. मी इथेच राहणार. आता माझी अट. तू या आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं.”

“अट मी घातली होती, तुम्ही नाही.”

“मग मी बाल्कनीत बसतो.”

“ब्लॅकमेल आहे हे.”

“आहे.”

तिने फोन काढला, तिथेच बसून तिच्या गावच्या दवाखान्यात बोलली आणि फोन ठेवला.

“गुरुवार, साडेदहा. झालं समाधान? काय सांगतात ते कळवते तुम्हाला.”

“कळवू नकोस,” मी म्हणालो. “रिपोर्टचा फोटो पाठव. तोंडी आकड्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही.”