तिसरी हाक

खैरानला कयाकच्या सहली नेणाऱ्या कंपनीच्या पोस्टरवर निळ्या बर्फाचे डोंगर आहेत आणि त्यांच्यामधून एक लाल होडी चालली आहे. कुवेतमध्ये बर्फ कुठून आणणार, हे मालकाला कुणी विचारत नाही. गिऱ्हाइकं मात्र दर शुक्रवारी तुळशीदासला विचारतात. "जानेवारीतल्या या पाण्यात आधी हात घालून बघा, मग बर्फ मागा," असं तो म्हणतो आणि सगळे हसतात.

तुळशीदास मालवणकडच्या खाडीकाठचा, म्हणजे वल्हं हातात घेऊनच जन्मलेला. त्याच्या गावात एक रीत आहे. धुक्यात पाण्यावरून कुणी नावाने हाक मारली, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नाही, ते दोनदा मारून गप्प बसतं, आणि त्याला ओ दिली की माणसाचा कारभार आटोपला.

गेल्या जानेवारीत तो आणि त्याच कंपनीत काम करणारा, त्याच्याच वाडीतला सुदेश इथेच खैरानला सहलीसाठी नवी वाट बघायला गेले होते. धुकं उतरलं आणि मागून हाक आली, "तुळशाऽ!" मग पुन्हा आली. तुळशा त्याला एकटा सुदेशच म्हणायचा. तरी हा गडी दातांखाली जीभ धरून तिसऱ्या हाकेची वाट बघत बसला. ती आलीच नाही. होडी सापडली, सुदेश सापडला नाही. त्याची आई, रत्नमालाकाकी, अजून फोनवर एकच विचारते, "हाक तरी मारल्यान काय रे तेना?" आणि तुळशीदास सांगतो, नाय. त्या एका शब्दाने त्याची वर्षभर झोप उडवली होती.

आज सहा जण होते. सगळी मराठी मंडळी, ऑफिसा-इस्पितळांतली, फोटोंची हौस दांडगी. सगळ्यांच्या मागे कंपनीचाच दुसरा गडी, केरळचा नबील, कुणी मागे राहू नये म्हणून. खाडी संपून उघडा समुद्र लागतो तिथे धुकं आलं, आणि आलं ते असं, की स्वतःच्या होडीचं टोक दिसेना. तुळशीदासने शिट्टी फुंकत सगळ्यांना चिखलाच्या पट्टीवर गोळा केलं आणि मोजलं. पाच.

नव्हती ती अर्चना, जाब्रियातल्या इस्पितळातली नर्स, मूळची पुण्याची. या पाण्यात माणूस फार वेळ टिकत नाही. "तू इनको लेके यहीं रुक," असं नबीलला सांगून तो एकटा निघाला. तो शिट्टी फुंकायचा, थांबायचा, कान द्यायचा. उलट शिट्टी काही येईना. पाणी इतकं गप्प होतं की वल्ह्यावरून गळणारे थेंब मोजता आले असते.

"तुळशाऽ!"

हाक उजवीकडून आली. ओहोटी डावीकडे ओढत होती, अर्चना असलीच तर डावीकडे असायला हवी होती. ओ दिली तर आपण गेलो. पण तोंड मिटून बसण्याचं फळ त्याने एकदा पाहिलं होतं.

"ओ!" तो ओरडला आणि होडी उजवीकडे वळवली.

दुसरी हाक जवळून आली. "इलंय रे, इलंय!" म्हणत त्याने चार हात मारले, आणि समोर उलटी होडी दिसली. तिला बिलगून अर्चना होती, ओठ निळे पडलेले. त्याने होडी सुलटी करून तिला वर घ्यायला हात पुढे केला, तर ती मान हलवायला लागली.

"दादा, आधी त्यांना घ्या. ते माझ्या आधीपासून पाण्यात आहेत."

तिच्या पलीकडे कुणीच नव्हतं. तुळशीदासने दुसऱ्यांदा बघितलं नाही. तिला वर चढवलं, तिची होडी दोराने आपल्या होडीला बांधली आणि तो निघाला. एका बाईची होडी ओढायला एवढा जोर लागत नाही. दोन भरलेल्या होड्या बांधल्यासारखा दोर ताणला होता. मान वळवायची नाही, एवढंच तो स्वतःला बजावत राहिला. पट्टीजवळ पाणी गुडघाभर झालं आणि दोर एकदम सैल पडला.

नबीलने अर्चनाला ब्लँकेटात गुंडाळलं. सहा जण झाले. तुळशीदास चिखलात बसून दोर सोडायला लागला, तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"तुळशाऽ!"

"भाई," नबील म्हणाला, "कोई आपको बुला रहा है."

तिसरी. म्हणजे सुदेशच होता तो. तेव्हाही सुदेशच होता. गार पडलेल्या बोटांनी तुळशीदासने पिशवीतला फोन काढला आणि गावाला लावला.

"काकी, मी खोटा बोललंय. तेना हाक मारल्यान होती. दोनदा. मी ओ देऊक नाय."

तुळशीदासला वाटलं, आता शिव्या येतील, आणि याव्यात असंही वाटलं.

"मगे आता दी," काकी म्हणाली. "माकाय ऐकाक येऊंदे."

तो उठला, फोन पाण्याच्या दिशेने धरला आणि त्याने ओ दिली.