दुसरा ब्रेक

मित्रांनो, एका जुन्या मोटारीच्या नाकाआड बसवलेला मी एक थकलेला राखणदार आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. पुढच्या बंपरमागे माझा रडारचा एक डोळा आहे, समोरच्या काचेला वर चिकटलेला कॅमेऱ्याचा दुसरा. बोलायला देवाने, म्हणजे मला घडवणाऱ्यांनी, फक्त एक ‘टुक’ दिली. तेवढ्या एका अक्षरात मला सगळे सांगायचे असते. आता तुम्हीच विचार करा, एका अक्षरात कोणाचे काय भले होणार?

माझे काम सोपे आहे. पुढे गाडी दिसली की आपला वेग कमी करायचा, ती लांब गेली की पुन्हा वाढवायचा. चाके पट्ट्याबाहेर जाऊ लागली तर स्टिअरिंग हळूच आत ओढायचे. आणि धडक होणारच असे दिसले, तर कोणाला न विचारता ब्रेक दाबायचा. कारखान्यात मला पुठ्ठ्याच्या माणसांसमोर पळवले. मी प्रत्येक वेळी थांबलो आणि पांढऱ्या कोटातली माणसे खूश झाली. मला वाटले, जगात अशीच माणसे उभी असतील, नीट समोर आणि उजेडात.

माझे मालक निवृत्त झालेले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी चालवायला शिकवली होती. ही गाडी त्यांना मुलाने घेऊन दिली. पहिल्याच दिवशी मुलगा म्हणाला, “बाबा, ही स्वतःच थांबते.”

“मग मी काय करू? तिकिटं फाडू?” मास्तर म्हणाले. बाई, म्हणजे मास्तरांची बायको, शेजारच्या सीटवर बसून पदराआड हसल्या.

मास्तरांच्या शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असे. शिकणारा गडबडला की ते तो दाबत. त्याबद्दलचा त्यांचा एक नियम होता. माझ्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकावाच लागे. ते म्हणत, “दुसरा ब्रेक दाबला ना, की दाबणाऱ्याने मोठ्याने सांगायचं, मी दाबला. नाहीतर शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपणच थांबवली. आणि असं वाटणारा माणूस एक दिवस कोणाच्या तरी अंगावर गाडी घालतो.”

बाई यावर म्हणत, “झालं सुरू पुराण!” पण त्यांना तो नियम पाठ होता. त्याही मास्तरांकडेच शिकल्या होत्या. लायसन्स त्यांच्या पाकिटात होते. पण मास्तर शेजारी बसून दर वळणावर चुका काढणार, मग चालवणार कोण? त्यांनी लग्नानंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

सुरुवातीची वर्षे फार गोड गेली. सकाळी मास्तर ओले फडके घेऊन गाडीभोवती एक फेरी मारत. आधी काच, मग दिवे, मग खाली वाकून माझा डोळा. “काय रे, झोप झाली का?” असे मलाच विचारत. मोठ्या रस्त्यावर लागलो की ते बटण दाबत, मी वेग धरी आणि बाई देवाची गाणी गुणगुणत. बाईंचा आवाज थोडा चिरका होता, पण भाव असा, की ऐकताना मला आपण यंत्र आहोत याचा विसर पडे. घरी पोचलो की त्या वर छताकडे पाहून म्हणत, “पोचवलंस रे देवा.” मी मनात म्हणे, बाई, थोडे मीही पोचवले. पण ते आभार माझे नव्हतेच. ज्याचे होते त्याला पोचत असतील.

मग काहीतरी बदलले. पुढची गाडी थांबली तरी मास्तरांचा पाय ब्रेककडे उशिरा जाऊ लागला. मी टुक करू लागलो. आधी क्वचित करी, मग रोजच करू लागलो. मास्तर चिडले. “हा कोण मला शिकवणार? आयुष्यभर मी लोकांना शिकवलं!”

मुलाने प्रेमाने तोड काढली. “चिडू नका हो बाबा, आवाज कमी करतो.” त्याने माझा एकुलता एक शब्द इतका बारीक केला, की काचेवरचे वायपर फिरले तरी तो बुडून जाई. वडिलांचा मान राहिला म्हणून मुलगा खूश होता, आणि मी मुका झालो.

काही दिवसांनी बाजारामागच्या मोकळ्या जागेत गाडी उभी करून मास्तर बाईंना हलक्या आवाजात म्हणाले, “अगं, डॉक्टर म्हणाला, डोळ्याच्या आतला पडदा खराब झालाय. परत येणार नाही. कडेचं सगळं दिसतं मला. मधोमध मात्र बोटाने पुसल्यासारखं झालंय.”

बाईंनी किल्लीकडे पाहिले. मग म्हणाल्या, “मग गाडी?”

“गाडी काढून घेतलीस तर मी कोण उरतो, सांग. कोणाला बोलू नकोस. तुला माझी शपथ आहे.”

त्या खोलीएवढ्या गाडीत आम्ही तिघे होतो, आणि तिघांनाही आता सगळे ठाऊक होते.

त्या दिवसापासून बाईंचे गाणे बंद झाले आणि बडबड सुरू झाली. “अहो, ही साठची पाटी किती तिरकी लावलीय बघा!” “झाला का लाल? आता बसा उभे.” “ही आजी किती सावकाश रस्ता ओलांडतेय, गुडघे दुखत असतील.” मास्तर हं हं करत आणि त्याप्रमाणे गाडी चालवत. त्या दिसेल ते सांगत होत्या आणि मी जमेल ते थांबवत होतो. बाईंचा पाय मात्र सारखा पायाखालची मॅट दाबत असे. जिथे शिकवणीच्या गाडीत दुसरा ब्रेक असतो, नेमका तिथे. तिथली मॅट झिजून गुळगुळीत झाली. खाली ब्रेक नव्हताच.

आणि लोक काय म्हणत होते? म्हणत होते, “या वयात काय गाडी चालवतात!” मुलगा म्हणे, “बाबांचा ब्रेक म्हणजे लोणी.” ते लोणी माझे होते, मित्रांनो. पण मला त्याचा अभिमान वाटेना. मी जितका अलगद थांबे, तितका मास्तरांचा स्वतःवरचा भरवसा वाढे. मी नीट काम केले तर त्यांचे आंधळेपण झाकले जाई, आणि नीट केले नाही तर कोणाचा तरी जीव जाई. यातले काय निवडायचे, हे मला घडवणाऱ्यांनी सांगितले नव्हते. निवड माझ्या हातात नव्हतीही.

एके दिवशी गाडीतच सुनेचा फोन आला. “बाबा, उद्यापासून आठवडाभर पिल्लूला शाळेतून आणाल का? माझी दुपारची पाळी आहे.”

“अगं, हे काय विचारणं झालं? आणतो की!” मास्तर म्हणाले.

फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, “अहो, रिक्षाने आणू या तिला.”

“का? माझ्या नातीला मी आणू शकत नाही?”

“तसं नाही हो...”

“मग कसं?”

बाई गप्प बसल्या. शपथ होती ना.

दुसऱ्या दिवशी मुलाने मागच्या सीटवर नातीची उंच बैठक बांधून दिली. आम्ही निघालो. वाटेत एक ट्रक ओली माती सांडत पुढे चालला होता. त्याच्या चाकांनी चिखलाचा एक सपकारा थेट माझ्या नाकावर आणि काचेवर मारला आणि माझ्यापुढे अंधार झाला. मास्तरांनी काचेवर पाणी मारून वायपर फिरवला, म्हणून वरचा डोळा थोडा उघडला. पण खालच्या डोळ्यावाचून मला अंतर कळत नाही. नियमाप्रमाणे मी सगळी मदत बंद केली आणि स्टिअरिंगमागच्या पडद्यावर लिहिले: ‘समोरचा सेन्सर झाकला आहे. मदत उपलब्ध नाही.’ टुकही केले. वायपरच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नाही. पडदा बाईंच्या बाजूने दिसत नव्हता. मास्तरांच्या समोर होता, अगदी मधोमध.

मास्तरांनी नेहमीसारखे बटण दाबले. “आज ओढत नाहीये गाडी,” म्हणाले, आणि स्वतःच ॲक्सिलरेटर दाबत राहिले. पुढे काही आले तर ती थांबेलच, हा त्यांचा भरवसा होता. तो भरवसा मीच त्यांना दिला होता.

बाई मागे वळून बैठकीचा पट्टा चाचपत होत्या. नातीला तो टोचेल का, हे पाहत होत्या. वळून पुढे पाहतात तो शाळेच्या अलीकडच्या सिग्नलला गाड्यांची रांग उभी. वरच्या धूसर डोळ्याने मी ती पाहत होतो. मला काहीच करता येत नव्हते.

“अहो, थांबा!”

बाईंचा पाय मॅटवर आपटला. मग त्यांचा हात दोन सीटच्या मधल्या हँडब्रेकच्या बटणावर गेला आणि त्यांनी ते वर ओढून धरले. चाके किंचाळली. गाडी घसरत जाऊन पुढच्या गाडीला लागली. माझा बंपर फुटला. कोणाला लागले नाही. मागची बैठक रिकामी होती.

पुढच्या गाडीतून एक बेकरीवाली तावातावाने उतरली. “झोपला होतात का हो?” मग एकदम थबकली. “अय्या, मास्तर? तुम्ही? आरसा बघितला नाही म्हणून मला तीनदा परत पाठवलं होतंत, आणि आज तुम्हीच?”

मास्तर दाराला धरून उभे राहिले. “गाडीच थांबली नाही गं. एरवी थांबते. यंत्रच बिघडलंय हे.”

मी ऐकत होतो. माझ्या बाजूने कोण बोलणार? सगळ्यांना हे पटलेही असते. यंत्रे बिघडतातच.

तेवढ्यात बाई खाली उतरल्या. “अहो, तुमचा नियम काय होता?”

“आत्ता कुठे नियम काढतेस?”

“मी दाबला,” बाई मोठ्याने म्हणाल्या. “आत्ताचा ब्रेक मी दाबला. आणि याआधीचे या गाडीने दाबले. ती मुकी आहे बिचारी. मला तोंड होतं, तरी मी गप्प बसले.”

मास्तरांनी विचारले, “सगळे?”

“सगळे नाही हो. पण पुष्कळ.”

मास्तरांनी बंपर चाचपला. त्यांचा हात माझ्यावरच्या चिखलाला लागला. त्यांनी बोटे एकमेकांवर चोळून पाहिली आणि खालीच बसले. “आज फेरी मारली नाही मी,” ते म्हणाले. “मारून काय उपयोग होता म्हणा.” मग बेकरीवालीकडे न पाहता, तिच्या थोडे बाजूला पाहत बोलले, “बाळ, मला दिसत नाही. तुझी गाडी मला दिसलीच नाही.”

“पाणी प्या मास्तर,” ती म्हणाली. नातीला शाळेतून तीच घेऊन आली. मास्तरांनी किल्ली बाईंच्या हातात दिली आणि बराच वेळ त्या हातावरचा आपला हात काढला नाही.

मेकॅनिकने नवा बंपर बसवला. माझा खालचा डोळा बसतो ती खोबण मात्र वाकली ती वाकलीच. माझ्या जातीचा सुटा भाग आता कोणी बनवत नाही म्हणे, म्हणून वरचा डोळाही बंदच ठेवलाय. पडद्यावर कायम एकच ओळ असते: ‘मदत उपलब्ध नाही.’

आता बाई गाडी चालवतात. मास्तर शेजारी बसतात, त्या झिजलेल्या मॅटवर पाय ठेवून. बाई दिसेल ते बोलत राहतात. पूर्वी मास्तरांना गाडी चालवता यावी म्हणून बोलत. आता त्यांना रस्ता दिसावा म्हणून बोलतात. “लाल आहे का गं?” “हिरवा आहे हो, जातेय मी.” मलाही आता तेवढेच कळते. आम्ही दोघे आंधळे बाईंच्या तोंडून रस्ता ऐकत जातो.

परवा घराच्या फाटकापाशी गाडी जरा वेगात आली. मास्तरांचा पाय मॅटवर कचकन दाबला गेला. गाडी थांबली. मास्तरांचा चेहरा उजळला. “मी दाबला!” ते ओरडले.

बाईंनी हँडब्रेकचे बटण ओढले. मग हळूच म्हणाल्या, “नाही हो. मी दाबला.”

मास्तर सावकाश मागे टेकले. “हां,” म्हणाले. “असंच सांगत जा.”

मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी ना कोणी गुपचूप ब्रेक दाबत असते. कधी घरातले माणूस असते, कधी माझ्यासारखे यंत्र. थांबलात तर एकदा विचारा, कोणी थांबवले. जो दाबतो त्याचा आवाज बारीक करू नका. आणि निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा, ओल्या फडक्याने आमचा डोळा तेवढा पुसा. आम्हाला मागता येत नाही.